ओल शंभर टक्के

आमच्या कुरुंदा गावचा रेडिओ दुरुस्तीवाला दर वाक्याला ‘बराबर’ लावायचा. उतारवयात त्यानं तळहाताएवढ्या कॉम्प्युटर बोर्डाला हवेतली ओल मोजणारा सेन्सर जोडला, चार ओळींचा प्रोग्राम महिनाभर लिहिला आणि ते यंत्र माझ्या हळदीच्या खळ्यावर टांगलं. दुसऱ्याच दिवशी आकडा वाचून तो नाचायलाच लागला.

"ओल शंभर टक्के! पाणी येऊन राहिलं, झाका बराबर!"

भर उन्हात आम्ही सगळ्यांनी वाळत्या हळदीवर धावत-पळत ताडपत्र्या ओढल्या. आभाळात एकही ढग नव्हता. दम खात मी यंत्राकडं बघितलं.

"भाऊ, हे तर तुमी हळद शिजवायच्या कढईवर टांगलंय. वाफ खाऊन राहिलं ते!"

त्यानं वाफेत हात धरून बघितला. मग यंत्राचा मुका घेऊन ओरडला, "म्हंजे मशीन बराबर हाय की!"