वासाचा रकाना

बाटलीकाका पितो, अशी आळीभर बोंब होती. खांद्यावरच्या पिशवीत सकाळपासून बाटल्या किणकिणतात, आणि कुणाच्याही घरी पाणी पुढे केलं की हा दोन पावलं मागे! पाण्याला शिवत नाही म्हणजे दुसरं काहीतरी घेणारच की.

साफ खोटं. बाटल्या पाण्याच्याच. धरणाचं पाणी भरून तपासणीच्या ऑफिसात पोचवायचं, ही त्याची नोकरी. नळाला येणारं पाणी धरणात बघितलेला माणूस तांब्याला हात कशाला लावील? घरचं उकळलेलं पाणीसुद्धा आधी हुंगतो. काकू म्हणते, "प्या हो, विष नाही घातलेलं. तेवढी सवड कुठाय मला!"

या महिन्यात धरणावर साय धरली होती, हिरवी, बोटभर जाड. काठाला कोंबड्या कापायच्या कारखान्याने सोडलेली पिसं, आतडी आणि एक फुगलेलं पोतं. काकाने कोपरापर्यंत हात घालून बाटल्या भरल्या. हुंगायची बाटली अर्धी ओतली, हलवली, नाकाशी नेली. लगेच हातभर लांब धरली. हात तीनदा साबणाने घासले, तरी जेवताना घासाघासाला तोच वास. ताट सरकवून उठला.

फॉर्मवर वासाच्या रकान्यात 'नाही' आधीच छापून येतं. तेवढेच काकाचे कष्ट वाचतात! त्याने ते खोडून लिहिलं, 'मेलेल्या कोंबडीचा.' असा फॉर्म पुढे गेला, तर खालच्या गावांचे नळ बंद आणि कारखान्याला टाळं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पुढच्या महिन्यात कायम व्हायचंय ना तुम्हाला? मग नसत्या ठिकाणी नाक कशाला खुपसता?"

"साहेब, नाक खुपसायचाच तर पगार घेतो."

शेवटी साहेब स्वतःच धरणावर आले. गाडीतून उतरले ते नाकाला रुमाल लावून. दुसऱ्या हाताने नवा फॉर्म पुढे केला, 'नाही' छापलेला.

"करा सही. कसला आलाय वास? मला तर काहीच येत नाही." आवाज सर्दी झाल्यासारखा, रुमालातून.

काकाने पेन उघडलं. कायमची नोकरी त्या दोन अक्षरांवर अडली होती. फॉर्मकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"रुमाल काढा, एक लांब श्वास घ्या, आणि खाली तुम्हीच सही करा."