कच्च्या आवृत्तीवरचा शेवटचा माणूस

दर जुम्याला नमाज पढून आले, की दिघीचे नजमुद्दीनभाई डोक्यावरची टोपी काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू करत. सत्तरीला टेकलेला, लाँचची तिकिटं फाडण्यात जन्म घालवलेला माणूस, त्याला कसलं आलंय कॉम्प्युटरचं वेड, असं शेजारीपाजारी म्हणायचे. म्हणोत बापडे! त्यांना काय ठाऊक.

कॉम्प्युटर होता मुसअबचा, त्यांच्या एकुलत्या एक लेकाचा. मुसअब शारजाला नोकरी करतो आणि उरल्या वेळात जगभरातल्या हौशी लोकांबरोबर एक फुकट वाटली जाणारी ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. घरच्या मशीनवर त्याने तिची कच्ची आवृत्ती टाकून ठेवली होती, म्हणजे अजून चाचणीत असलेली, पक्की व्हायच्या आधीची. पक्क्या आवृत्तीत कुठे भोक सापडलं, चोर शिरेल असं वाटलं, तर ते बुजवायला खास पथक असतं. कच्चीला कोण विचारतो? तिची भोकं मुसअबसारखे दोघंतिघं सवड मिळेल तशी बुजवतात. आणि अशा प्रत्येक सुरक्षा अपडेटच्या तळाशी ते करणाऱ्याचं नाव येतं, बहुतेक वेळा एकच: मुसअब नजमुद्दीन. लाँचच्या पासांवर नावं लिहून लिहून भाईंना एवढं इंग्रजी वाचता येत होतं. ते पडद्यावर बोट ठेवून वाचत. पोरगा खुशाल आहे, हात चालतोय, आणि नावापुढे बापाचं नाव अजून लावतोय. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

कारण दोघांचं बोलणं बंद होतं. अडीच वर्षं! अमिरुन्निसाच्या, म्हणजे भाईंच्या बायकोच्या चाळिसाव्याला, ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, मुसअब म्हणाला होता, "अब्बा, इथं एकटे राहू नका. माझ्याबरोबर चला." आणि या गृहस्थाने भरल्या घरात त्याला सुनावलं, "आई झिजत होती तवा कुठं होतास? आता बापाला सामानासारखा उचलायला आलास?" पोरगा तसाच निघून गेला. आपलं चुकलं हे कळायला भाईंना दुसरा दिवसही लागला नाही. पण फोन लावायचा तर मान खाली घालावी लागते, आणि ते त्यांच्याच्यानं होईना. तिकडूनही फोन नाही. बाप तसा लेक, दुसरं काय! घरात ताट एक, चहाचा कप एक. दुपारी घर नुसतं खायला उठायचं.

अशात यंदा आवृत्ती पक्की झाली. त्यांची भाची काशिफा म्हसळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ती पडद्यावरची सूचना वाचून म्हणाली, "मामू, कच्ची बंद झाली. हिला आता अपडेट यायचे न्हाईत. पक्कीवर जाऊया."

"पक्कीवर खाली नाव येतं?"

"न्हाय. तिथं नुसतं 'सुरक्षा पथक'."

"मग ऱ्हाऊ दे."

"अहो, उद्या मशीनमध्ये कोण शिरलं म्हणजे?"

"शिरू दे. तेवढीच सोबत."

काशिफाने कपाळाला हात लावला.

एक जुमा गेला, दुसरा गेला, तिसराही कोरडाच गेला. भाई बटण दाबायचे आणि पडदा सांगायचा, नवीन काही नाही. त्यांचा जीव टांगणीला लागला. पोरगा आजारी तर नसेल? आता तेही कळायची सोय उरली नव्हती.

चौथ्या जुम्याला अपडेट आलं. खाली नाव तेच, पण वर मजकूर लांबलचक. भाईंनी फोन करून काशिफाला बोलावून घेतलं. ती स्कूटीवरून आली, वाचू लागली आणि थबकली.

"मामू, बाकी सगळं इंग्रजीत हाय, पण पहिली ओळ आपल्या बोलीत लिहिलीय. 'कुणी राहिलंय काय?' आणि पुढं लिहिलंय, कच्चीवर जगात एकच मशीन उरलंय. कुणाचं ते कळायला मार्ग नाही. मोठं भोक सापडलं, म्हणून त्या एका मशीनसाठी हा शेवटचा अपडेट. जे कुणी असाल, तिथं एकटे राहू नका. पक्कीवर या."

भाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. कुणी राहिलंय काय! सत्तावीस वर्षं, आगरदांड्याची शेवटची लाँच सोडायच्या आधी धक्क्यावरून ते तीनदा हीच हाक द्यायचे. मागून कुणी धावत आलं तर लांबूनच ओरडायचं, "थांबवा, एक हाय!" तो चढेपर्यंत भाई दोर सोडू देत नसत, मग लाँच हाकणारा तांडेल कितीही कटकट करो. शाळा सुटली की मुसअब तिकिटाच्या खिडकीत बसून हे रोज ऐकायचा.

"खाली उत्तर लिहायला जागा हाय," काशिफा म्हणाली. "पण बंद आवृत्तीवर आलेल्या असल्या नोंदी कोण वाचत न्हाय, मामू. दिवसाभरात आपोआप 'बंद' असा शिक्का पडतो." तिने यादी दाखवली. सगळ्या नोंदी बंद.

"तरी लिही."

"काय लिहू?"

"लिही, थांबव. एक हाय. दिघी."

तिने लिहून पाठवलं. मग भाईंनी स्वतःच्या हाताने पक्कीवर जायचं बटण दाबलं. तासाभराने मशीन नवं होऊन उठलं आणि त्यावर मुसअबचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशिफा पुन्हा आली. फोन वाजला नाही, हे भाईंनी तिने न विचारताच सांगून टाकलं. सकाळपासून त्यांनी तो हातातून खाली ठेवला नव्हता. तिने नोंदींचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत बंद, बंद, बंद. एकाच, त्यांच्या 'एक हाय'च्या नोंदीपुढे वेगळं काही होतं. ते तिने मोठ्याने वाचलं, "आपोआप बंद झाली होती. मुसअब नजमुद्दीन यांनी पुन्हा उघडली."

"आनि? काय लिवलंय त्यानं?"

"काही न्हाय, मामू. नुसती उघडी ठेवलीय."

भाईंनी बोट ठेवून नाव वाचलं, आधी लेकाचं, मग आपलं. मग ते उठले, अमिरुन्निसाचं कपाट उघडलं आणि हजसाठी काढून ठेवलेला पासपोर्ट शोधायला लागले.