हिंगाच्या डबीतला पाळणा

अक्कांची आणि माझी शेवटची भेट अकोल्याच्या दवाखान्यात झाली. मी डब्यातून मुगाची पातळ खिचडी नेली होती. दोन घास खाऊन त्यांनी डबा बाजूला सारला आणि उशीखालून एक पत्र्याची डबी काढून माझ्या हातात ठेवली. हिंगाची रिकामी डबी, आत पेनड्राइव्ह. "शोभे, पाळना भरून ठेवला हाय यात. पल्लवीच्या लेकराच्या बारशाले लावजो. अन् कोनाच्याबी कॉम्पुटरात घुसवू नको." मी म्हटलं, "तुमीच म्हना ना अक्का, बारशाले आता किती दिवस राह्यले?" त्यावर त्या नुसत्या हसल्या... दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असतानाच फोन वाजला. मी तो उचलला नाही. रामभाऊ, म्हणजे अक्कांचे यजमान, कधी फोन करत नाहीत. ते का करत असतील हे मला कळलं होतं.

कौसल्याअक्का माझी थोरली जाऊ. कामरगावला गावाला लागूनच आमची वाडी आहे. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, कारंज्याच्या बाजारात जाते. मी कारंज्याच्या शाळेत शिकवायची आणि अक्का वाडी सांभाळायच्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, पण गळा असा की गावात कोणत्याही मोहल्ल्यात बारसं असलं तरी पाळणा म्हणायला बोलावणं अक्कांनाच. पाळणाही स्वतः रचलेला. त्यात मामा, मावशी यायची, वाडीतली वांगी यायची, मोटारीचं पाणीसुद्धा यायचं. नावाच्या कडव्याशी आल्या की मात्र पाळण्याची दोरी हातात धरून त्या थांबत. आत्यानं बाळाच्या कानात सांगून मग मोठ्यानं नाव घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. आत्या नाव आठवत बसली तरी अक्का थांबलेल्याच. आणि नाव कुठलंही निघो, हल्लीची जीभ अडखळवणारी नावंसुद्धा, अक्का मान डोलावून म्हणायच्या, "बेस नाव हाय," आणि मग पुढचं कडवं. मला हसू दाबता दाबता घाम फुटायचा.

कॉम्प्युटर घेतला होता पल्लवीच्या, म्हणजे अक्कांच्या लेकीच्या, शिक्षणासाठी. ती लग्न होऊन आसेगावला गेली आणि तो विणलेलं कव्हर घालून बैठकीत बसून राहिला. महिला मंडळाची गाणी भरून भरून अक्कांचा फोन गच्च झाला, तेव्हा त्यांनी ते कव्हर काढलं. फोनमधली गाणी पेनड्राइव्हमध्ये कशी टाकायची ते पल्लवीनं शिकवलं. टाकून झालं की अक्का फोन घासलेल्या पातेल्यासारखा रिकामा करून ठेवत. स्क्रीनवर काही इशारा आला की तो संपूर्ण वाचून घेतल्याशिवाय त्या माउसला हात लावत नसत. इंग्रजी असला तर मला हाक मारत. मी पडले धांदरट. काही विचारणारी खिडकी उघडली की 'हो' दाबून मोकळी. "काय लिवलं होतं वं?" त्या विचारायच्या. "काही नाही, असंच." "असंच कोनी दारात येते का?"

हे दाराचं प्रकरण सुरू झालं ते पत्रिकेपासून. एका लग्नसराईत रामभाऊंच्या फोनवर लग्नाची पत्रिका आली. नंबर अनोळखी. उघडायला गेले तर फोननं बजावलं, ही फाइल धोक्याची असू शकते. आता आमच्याकडे पत्रिका म्हणजे हळद-कुंकू लावून देवाजवळ ठेवायची वस्तू. ती उघडायची नाही म्हणजे सोयऱ्याला दारातून परत पाठवण्यासारखं. "न्योता हाय, त्याले नाही कसं म्हनाव?" असं म्हणत रामभाऊंनी जिथं जिथं फोन अडवत होता तिथं तिथं 'हो' दाबलं. लग्न कोणाचं ते काही दिसलं नाही, पण तीच पत्रिका त्यांच्या नावानं अख्ख्या गोतावळ्यात गेली. संध्याकाळच्या आत आसेगावहून पल्लवीच्या सासूबाईंचा फोन. पत्रिकेच्या नावानं पैसे चोरणाऱ्या फायली फिरतात, हे त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांचा राग वेगळाच होता. "घरात लगन काढलं अन् अक्षता घेऊन दारी याले पाय दुखले काय तुमचे? फोनवरच पत्रिका?" अक्कांनी त्यांची समजूत काढली, रामभाऊंचा फोन तडक बंद केला, मी बँकेत कळवलं. नुकसान झालं नाही, पण विहीणबाई पुढे कितीतरी दिवस तुटक बोलत होत्या.

त्या दिवसापासून अक्कांचा नेम ठरला. गाणं असो, फोटो असो, व्हिडिओ असो, आधी दारात उभं करायचं आणि विचारायचं. तू कोण, आला कुठून, आणि वजन किती? पहिले दोन प्रश्न आपण कोणालाही विचारतो. तिसरा, फाइल किती केबी-एमबीची, हा भाजीवालीचा. मेथीची जुडी हातात घेतली की अक्कांना ती आतून पोकळ आहे का ते कळायचं. एकदा मंडळातली एक बाई नव्या गाण्याची फाइल घेऊन आली. नाव गाण्याचं होतं, पण नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं असतात ती गाण्याची नव्हती, कसल्याशा प्रोग्रामची होती. अक्कांनी ती उघडलीच नाही. "माणसाले आडनाव इचारू नये शोभे," त्या मला म्हणाल्या, "पन फाइलीले जरूर इचाराव."

अक्का गेल्या तेव्हा पल्लवीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. पण दिवसकार्य आटोपल्यावर ती आसेगावला निघाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, मी तिकडंच राह्यते. माय नाही तर माहेर कोनतं?" मग मी डबीची गोष्ट सांगितली. ती दारातच थांबली. "आईचा पाळना हाय? तिच्या आवाजात?" हो म्हटल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदा मोकळी रडली. "मंग मी येते काकू. बारसं इथंच करू."

आणि ती गेल्यावर मी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तर आत पाळणा नाही! एकच फोल्डर, त्याच्या कोपऱ्यात बारीक बाण. उघडायला गेले तशी खिडकी आली, ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरला हानी पोहोचवू शकते, तरी चालवायची का? रामभाऊ शेजारीच उभे होते. अक्कांचा फोटो फ्रेम करून घ्यायला त्यांनी कॉम्प्युटरमधून तो मी शेजारीच डबीत ठेवलेल्या याच पेनड्राइव्हमध्ये घेतला होता आणि पेनड्राइव्ह बाजारातल्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून आणला होता. बिचाऱ्यांना अक्कांची ताकीद माहीत नव्हती. "दाब ना शोभा, आपल्या घरचंच हाय ते," ते म्हणाले. माझं बोटही माउसवर गेलं होतं. मीच ती, कायम 'हो' दाबणारी. पण वाकले तसा पेनड्राइव्हचा हिंगाचा वास आला... आणि अक्का मागे उभ्या राहिल्यासारखं वाटलं. मी 'नाही' दाबलं.

मग एकेक विचारत गेले. तू कोण? माउसचं उजवं बटण दाबून माहिती बघितली, तर तो फोल्डर नव्हताच. तो नुसता शॉर्टकट होता, फोल्डरचं सोंग घेतलेला. कुठून आला? तारीख फोटोसाठी पेनड्राइव्ह दुकानात नेला त्या दिवसाची. वजन? अगदी नाममात्र. एवढा लांब पाळणा एवढ्याशात मावेल कसा? उलट अख्ख्या पेनड्राइव्हचं वजन पाहिलं तर तो चांगला भरलेला. म्हणजे घरात माणसं होती, दिसत तेवढी नव्हती. शाळेतल्या एका सहकाऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, सरळ फॉरमॅट मारा, सगळं पुसलं जाऊन स्वच्छ होईल. मी घाईनं फोन ठेवला. स्वच्छ करायला मी थोडीच बसले होते!

आधी अँटिव्हायरसनं पेनड्राइव्ह तपासून घेतला. तो सोंगाड्या फोल्डर निघाला आणि गेला. मग लपवलेल्या फायली दाखव म्हणून सांगितलं. तरी रिकामंच. शेवटी सिस्टीमच्या म्हणून दडवलेल्याही दाखव म्हटलं, तर पुन्हा एक इशारा, या फायली दाखवणं धोक्याचं आहे, खात्री आहे का? या वेळी संपूर्ण वाचला. विचारणारा घरचाच होता, आपलाच कॉम्प्युटर. आणि मला कशालाही धक्का लावायचा नव्हता, फक्त बघायचं होतं. 'हो' दाबलं. पातळ धुक्यातून यावीत तशी फिकट फिकट फोल्डरं वर आली. मंडळाची गाणी, फोटो आणि सगळ्यात खाली 'बारसं' नावाची फाइल. आडनाव गाण्याचंच होतं. वजनही भरीव. मी रामभाऊंचा हात धरला.

अक्कांचा आवाज आला. आधी पाळणा नाहीच. "सुरू झालं काय हे? लाल दिवा तं लागला..." मग घसा खाकरला आणि,

"वाफ्यात पानी खळखळा,
माह्या बाळाचा लागला डोळा..."

रामभाऊ उठून बाहेर वाडीकडे गेले. मी ऐकत राहिले. मामा आला, मावशी आली, वांग्याला जांभळं फूल आलं. आणि एकाएकी आवाज तुटला. नुसता पंखा फिरल्याची घरघर. व्हायरसनं एवढा खाल्ला, असं माझ्या मनानं घेतलं. पुढे ऐकायचा धीरच झाला नाही, तिथंच बंद केलं. पल्लवीला काही बोलले नाही. वाचला तेवढा तर वाचला.

पल्लवीला मुलगी झाली. बारशाला बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. विहीणबाई आल्या होत्या, या वेळी अक्षता-बिक्षता सगळं रीतीनं झालं होतं. मी पाळणा लावला आणि दोरी पल्लवीच्या हातात दिली. अक्कांचा आवाज बैठकीत भरला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र एकच धास्ती, आता तुटणार. आणि तुटलाच. पंख्याची घरघर. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पल्लवीनं मात्र दोरी थांबवली होती, अगदी तिच्या आईसारखी. ती नणंदेकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, नाव घ्या. आई थांबली हाय."

आत्या बाळाच्या कानाशी वाकली, मग मोठ्यानं म्हणाली, "अन्वी!"

अजून थोडी घरघर. आणि मग अक्का म्हणाल्या, "हं... बेस नाव हाय." आणि पुढचं कडवं सुरू झालं.

बैठकीत हसू आणि रडू एकदमच फुटलं. विहीणबाईंनी तर कॉम्प्युटरलाच हात जोडले.

पल्लवीला पाळण्याची प्रत दिली. डबी मात्र माझ्याकडे, कॉम्प्युटरशेजारी असते. मंडळातल्या बायका आता त्यांची गाणी घेऊन माझ्याकडे येतात आणि मी प्रत्येक फाइलीला दारात उभं करते. मागच्या आठवड्यात एकीनं विचारलं, पुढच्या महिन्यात आमच्या नातवाचं बारसं आहे, कौसल्याबाईंचा पाळणा लावता येईल का? मी म्हटलं, लावू की. अक्कांनी नावाची जागा रिकामीच ठेवली आहे.