फॉरमॅट न करणारे पिशोरकर

पिशोरकरांनी कधी कोणाचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला नाही. आमच्या सिडको कॉलनीतल्या बाकी सगळ्या दुरुस्तीवाल्यांकडे एकच औषध होतं, सगळं पुसा आणि नव्यानं भरा. पिशोरकर त्या शब्दानंच भडकायचे. "पाल निघाली म्हणून घर पाडता का? पाल काढा की!" असं म्हणत ते चपला दाराबाहेर काढायचे आणि थेट पडद्यासमोर बसायचे. खरं नाव कॉलनीत कोणालाच ठाऊक नव्हतं. कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावचे, म्हणून पिशोरकर.

ते दिवस टँकरचे होते. बायपासपलीकडे नव्या इमारती उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पिशोरकर आईला आधीच सांगून टाकत, "वहिनी, अर्धाच पेला द्या. उरलेलं टाकायचं जिवावर येतं."

त्यांच्या झोळीत सीडींची चळत असे. कॉम्प्युटरला त्याचा पडदा किंवा प्रिंटर चालवायला जो प्रोग्रॅम लागतो तो ड्रायव्हर, आणि प्रत्येक घराचा ड्रायव्हर त्यांनी जपून ठेवलेला. वर मराठीत चिठ्ठी, 'जोशी, वरचा मजला, जुना प्रिंटर'. "नवा ड्रायव्हर म्हंजे भारी, असं नसतंय," ते म्हणत. "ह्या मशीनशी त्याचं जमलं पायजे." मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. मला कोण शिकवणार!

माझे वडील अण्णा पाटबंधारे खात्यात होते. कन्नड तालुक्यात त्यांची तीस वर्षं गेली. अर्धांगवायूनं उजवा हात गेल्यावर ते डाव्या हाताच्या एका बोटानं एक यादी टाइप करत बसायचे. कुठल्या गावची कुठली विहीर, आणि कुठल्या दुष्काळात तिचं पाणी टिकलं. दोन वर्षांचं काम, आणि दुसरी प्रत नाही. इंग्रजी सूचनांनी ते वैतागायचे, म्हणून एका रविवारी मी पडद्याची भाषा मराठी करायला घेतली. घाईत भलतीच भाषा निवडली. वर, हात लागलाच आहे तर पडद्याचा ड्रायव्हरही नवा टाकला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा अक्षरं अनोळखी लिपीतली, वीटभर मोठी, आणि निम्मा पडदा बाहेर गेलेला. चौकातला दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. अण्णांनी डावा हात उजव्या हातावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिशोरकर आले. "साहेब, फिकर नका करू. यादी कुठंच गेली नाय, तिच्यापुढं पडदा आडवा आलाय फक्त." त्यांनी एक कळ दाबून मशीन साध्या अवस्थेत सुरू केलं आणि पुटपुटत एकेक पर्याय निवडत गेले, "वरून चौथं, मंग उजवीकडं, मंग खालून दुसरं." मी टाकलेला ड्रायव्हर काढला, झोळीतला जुना घातला. पडदा जागेवर आला. लिपी मात्र तीच. मी विचारलं, "तुम्हाला ही भाषा येते?"

"ही बी नाय आन् इंग्रजी बी नाय. इंग्रजीनं दहावीला दोनदा पाडलं मला. तवापास्नं मी जागा पाठ करतो. शब्द बदलला तरी जागा बदलत नाय, भाऊ." भाषांच्या यादीत मात्र प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत होती. तिथं 'मराठी' दिसल्यावर त्यांनी बोट टेकवलं.

पडदा मराठीत आला आणि अण्णांची यादी उघडली. मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. नागद, चिंचोली, करंजखेड. घरातल्या आम्ही कोणीच ती यादी कधी वाचली नव्हती. वॉर्ड ऑफिसातही एकानं छापून नेलेलं पहिलं पान पाहून "छान आहे" म्हटलं होतं, तेवढंच. अण्णा खुर्चीत सरळ होऊन ऐकत होते. पिशोरपाशी पिशोरकर थांबले.

"साहेब, तिसरी इहीर ऱ्हायली. मारुतीच्या मागची. पायऱ्या हायेत तिला. लहानपणी आम्ही शेवटच्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी भरलंय."

"मारुतीमागं विहीर नाही," अण्णा ठासून म्हणाले. आजारानंतर एवढ्या आवाजात ते पहिल्यांदाच बोलले. "मी मोजणी केली आहे."

"मोजणीला तुम्ही पावसाळ्यात आला असाल. झुडपं असत्यात वरून. व्हय म्हणा, नायतर चला उद्या पिशोरला!"

तासभर दोघं भांडले. आई दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, पिशोरकरांना कोणी बोलावेना, आणि ते पुण्याला लेकीकडे गेले. निरोप घ्यायला आले तेव्हा अण्णांचा डावा हात बराच वेळ हातात धरून बसले. दोन वर्षांनी अण्णा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी ती यादी काढली, पहिल्या ओळीपासून वाचायला. पिशोरखाली तिसरी नोंद होती. 'मारुतीमागची विहीर. पायऱ्या आहेत. मी पाहिलेली नाही. पिशोरकर सांगतात, म्हणजे आहे.'