दुपट्ट्यातला चेहरा

दोरीवरून कडक वाळलेला पांढरा दुपट्टा काढला, की त्या भाजक्या वासासरशी मला माझा चेहरा पाहून उघडणारा पहिला फोन आठवतो. भर मे महिन्यात अमरावतीच्या दुकानातून तो घेतला आणि थेट अकोल्याला सासुरवाडी गाठली. मिरवायला दुसरं ठिकाण कोणतं? कूलरसमोर आमरसाची पंगत उठली, तसा मी ऐटीत फोन तोंडासमोर धरला. उघडेना. हसलो, मान वळवली, डोळे वटारले, ढिम्म. कुलपाचे आकडे तर मी दुकानातच विसरून आलो होतो. "भाऊजी, फोन तुमाले वळखूनच नाई राह्यला," साळा म्हणाला, "नकली माल देल्ला वाट्टे कोनी!" सासरे हळहळले, बायकोने माझ्याकडे पाहायचंच सोडलं. दुकानदाराला जाब विचारायला निघालो, उन्हासाठी डोक्या-कानांवरून हनुवटीखाली दुपट्टा आवळला, किती वाजले म्हणून फोन पाहिला, आणि तो पटकन उघडला! दुकानात चेहरा नोंदवताना मी दुपट्टा सोडलाच नव्हता. तसाच माघारी फिरलो आणि कूलरसमोर दहा वेळा फोन बंद करून दहा वेळा उघडला. "अस्सल हाय बाप्पा," साळा म्हणाला, "फोन बी अन् गिऱ्हाईक बी!" मी काढलेल्या पहिल्याच फोटोत सगळे पोट धरून हसताहेत, सासरेसुद्धा. परवा आणखी नवा फोन घेतला. चेहरा नोंदवायला बसलो, तोच बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी तो दुपट्टा सोडा!" मी तो मुद्दाम घट्ट बांधला.