ताईच्या हनुवटीचा टेकू

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत व्हायोलिनचे टेकू करणारा कारागीर राहत असे. वाजवताना हनुवटी ठेवायला व्हायोलिनवर लाकडाची उथळ वाटी बसवतात, तो टेकू. दुकानात तो तयार मिळतो, पण ज्याची मान फार लांब किंवा जबडा अरुंद, तो याच्याकडे येई. हा गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवी, कोमट मेणाचा गोळा त्याच्या जबड्याखाली दाबी आणि त्या ठशाबरहुकूम शिसवी लाकूड कोरी. अंगाने काडीसारखा, हाताला कायम मेणाचा वास. माझ्या यजमानांनी त्याचं नाव मेणबत्ती पाडलं आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनही त्याला त्याच नावाने हाक मारी.

त्याचे आईवडील लवकर गेले. थोरल्या बहिणीने व्हायोलिनच्या शिकवण्या करून त्याला वाढवलं. त्याने केलेला पहिला टेकू या ताईचाच.

पुढे ताईच्या जबड्यात गाठ निघाली. ऑपरेशन करून डाव्या बाजूचं हाड काढावं लागलं. घरी आल्यावर तिने आरशावर टॉवेल टाकला आणि कुणालाही फोटो काढू दिला नाही. बोलणं अस्पष्ट झालं होतं. तिचे टोमणे मात्र नीट कळत. दुखणं पुरतं गेलेलं नाही, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. हात चालतोय तोवर पुन्हा वाजवायचं, एवढंच तिला हवं होतं. पण जुन्या टेकूवर चेहरा ठरेना. व्हायोलिन खांद्यावरून घसरे.

मेणबत्ती नव्या टेकूच्या कामाला लागला. मी खाली जाई तेव्हा पटाशी चालूच असे, पण मेण तापलेलं काही मला दिसलं नाही. विचारलं तर म्हणाला, ताईचं माप मला पाठ आहे, काकू. जुनाच ठसा समोर ठेवून, हाड गेलं त्या बाजूला तो अंदाजाने लाकूड वाढवत होता.

टेकू देखणा झाला. ताईने मान कलती करून हनुवटी टेकली आणि डोळे गच्च मिटले. लाकडाची कड थेट व्रणावर येत होती. त्याने घाईने कानस मारली. पुन्हा तेच झालं.

तिने व्हायोलिन मांडीवर घेतलं.

"हा कुणासाठी केलास?"

"तुझ्यासाठीच की."

"नाही रे. आधीच्या माझ्यासाठी केलास. ती आता यायची नाही."

तो कानस चाचपत राहिला.

"परक्यांच्या हनुवट्या खुशाल दाबतोस. बहिणीच्या तोंडाला हात लावायचा म्हटलं की भितोस?"

"दुखेल तुला."

"दुखू दे. मेण तापव."

मी उठायला लागले, तर ताईने माझा हात धरून ठेवला. त्याने मेण आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं, मग तिच्या गालाखालच्या खळग्यात अंगठ्याने हळूहळू भरत गेला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ताईनेच आपल्या रुमालाने त्याचं नाक पुसलं.

"वितळू नकोस रे, मेणबत्ती," ती म्हणाली.

त्या ठशावरून कोरलेला टेकू अगदीच वेडावाकडा झाला, एकीकडे उंच, मध्ये खोल. पण तिचा चेहरा त्यात बसला. रोज थोडा वेळ ती वाजवी आणि मी माझं दार उघडं ठेवी. मग गज धरणारा हातही थकला. पानगळ संपायच्या आत ती गेली.

व्हायोलिन तिने एका जुन्या विद्यार्थिनीला द्यायचं ठरवून ठेवलं होतं. ती न्यायला आली त्या दिवशी मी तिथेच होते. मेणबत्तीने तारा पुसल्या, स्क्रू सैल करून तो टेकू काढला आणि दुकानातला साधा बसवला. बाईंची आठवण म्हणून तोच राहू द्या ना, असं ती म्हणाली.

"तुला बसायचा नाही तो," एवढंच तो बोलला.

मुलगी पेटी घेऊन गेली. तो खुर्चीत बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत त्याला मी तेव्हाच पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

"तिचा शेवटचा फोटो नाहीये ना, काकू," तो म्हणाला, आणि लाकडातल्या त्या खळग्यावरून अंगठा फिरवत राहिला.