मूठभर जुने खडे

आज फिश टँकच्या तळाचे खडे बदलायला घेतले. नवे पांढरेशुभ्र खडे देताना दुकानदार म्हणाले होते, “जुने सगळे एकदम फेकू नका. मूठभर विरळ कापडात बांधून महिनाभर टाकीतच ठेवा. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, तेच पाणी राखतात. नव्या खड्यांवर पसरायला त्यांना वेळ लागतो. तो दिला नाही, तर पाणी नितळ दिसतं आणि मासे मरतात.”

ते बुळबुळीत, काळपट खडे मी ओंजळीत घेऊन बसलो. यांच्या आधारावर टाकीतला जीव तगून होता, हे कधी मनातही आलं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा मी त्यांची खोली एका दिवसात रिकामी केली. आईला सारखी आठवण नको, एवढंच मनात होतं. चष्मा, रेडिओ, औषधं, सगळं काढलं. शर्टांची पिशवी दोन दिवस दारात होती, मग तीही देऊन टाकली. भिंतींना रंग दिला. “छान झाली हो खोली,” आई म्हणाली. तेव्हापासून ती बाहेर, हॉलमध्ये झोपते.

खड्यांसाठी कापड शोधायला आईचं कपाट उघडलं. साड्यांखाली बाबांचा रुमाल होता, गाठ मारलेला. गाठ सोडली. आत मूठभर बटणं होती, दोऱ्यांसकट कापलेली. प्रत्येक शर्टाचं एक.

“मिळालं का रे कापड?” आईनं हॉलमधून विचारलं.

मी गाठ होती तशी बांधली.

“नाही गं,” म्हणालो, आणि माझाच एक बनियन फाडायला घेतला.